रावसाहेब शिवेवरून परत आले

आमचे कोंबडे शहाणे होते असं मी सांगितलं की ऐकणाऱ्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू येतं. येऊ दे. मागच्याच महिन्यात शेजारच्या सोसायटीतल्या एका सद्गृहस्थांनी माझ्या फाटकावर चिठ्ठी चिकटवली होती, ‘आपला कोंबडा पहाटे आरवतो. कृपया त्यास समज द्यावी.’ मी त्याखालीच लिहिलं, ‘समज दिली आहे. सूर्याशीही आपणच बोलून घ्यावे.’ धायरीत आता दहा-दहा मजल्यांच्या इमारती आहेत आणि त्यांच्या मधोमध माझं बैठं घर, मागचं अंगण आणि सात-आठ कोंबड्या तेवढ्या उरल्या आहेत. त्याच सोसायटीत नागपूरकडची एक आयटीतली मुलगी राहते. ती अधूनमधून येऊन बसते. “काकू, माझ्या बाबांच्या प्लॉटवर कोंबड्या पाळायच्यात, पण कोंबडा एकदम फ्रेंडली हवा. अंगावर येणारा नको. तुमची मेथड सांगा ना प्लीज.” मी सांगते. सगळं सांगते. फक्त माणसाळलेल्या कोंबड्याचं एक भय असतं, ते तिला सांगत नाही. ते इथे लिहिते.

माझे वडील बुधवार पेठेत एका पुस्तकांच्या दुकानात बिलं करत. रोज धायरीहून सायकलने जात आणि येताना डब्याच्या पिशवीत कधी फाटक्या कोपऱ्याचं एखादं पुस्तक, कधी मंडईतली उरलेली भाजी घेऊन येत. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून त्यांना सगळ्यांनाच अहो-जाहो करायची सवय जडली होती. मलाही ते रागावले की “आपण जरा अभ्यासाला बसण्याची कृपा कराल का?” असं म्हणत. घर म्हणजे दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, मागे शेवग्याचं झाड, पाण्याची टाकी आणि खुराडं. धायरी तेव्हा गावच होती. सकाळी म्हशींच्या गळ्यातल्या घंटा, मग कारखान्याचा भोंगा, मग रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीचा घर्रर्र आवाज आणि मग दुपार, जिला कसलाच आवाज नसे. त्या दुपारची मला लहानपणापासून धास्ती वाटायची. गल्लीतल्या बायका दारं लोटून आडव्या व्हायच्या, कुत्रीसुद्धा भिंतीच्या सावलीत निपचित पडायची, आणि कोंबड्या मातीत अंग घुसळता घुसळता मध्येच सगळ्या एकदम थांबायच्या. का थांबायच्या ते कधी कळलं नाही.

कोंबड्या आईच्या. तिच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या पाळलेल्या. कोंबडा कसा वाढवायचा याचे तिचे नियम पक्के होते. पिल्लू अंड्यातून निघाल्यापासून रोज हातात घ्यायचं. तुरा फुटला, नखी वाढायला लागली की रोज संध्याकाळी डाव्या बगलेत धरून अंगणात चार फेऱ्या मारायच्या, तो अंग सैल सोडेपर्यंत. चोच मारली तर मारायचं नाही, फक्त मान अलगद खाली दाबून धरायची, राग उतरेपर्यंत. एक पंख खाली टाकून तिरका तिरका चालत अंगावर आला तर मागे सरायचं नाही, आपणच सावकाश दोन पावलं पुढे जायचं. आणि खाणं हातातून द्यायचं, किंवा हात उंच करून दाणे लांब फेकायचे, म्हणजे हात वर गेला की त्याला आनंदच व्हावा. एवढं करूनही जो अंगावर यायचा तो रविवारी रश्श्यात जायचा. आई बाजरीची भाकरी थापता थापता म्हणायची, “भांडखोराची औलाद नको आपल्याला.” त्या रश्श्याला लसूण आणि भाजलेल्या खोबऱ्याचा असा वास असे की मला वाईट वाटायचं आणि तोंडाला पाणीही सुटायचं. वर्षानुवर्षं असं निवडत गेल्यामुळे आमच्याकडे नुसते शांत कोंबडे उरले. परकं माणूस आलं तरी ते ओरडत नसत. एका रांगेत उभे राहत आणि मान तिरकी करून बघत राहत. पोस्टमन एकदा म्हणाला होता, “ताई, ते बघतात फार.” तो मग चिठ्ठ्या फाटकातूनच टाकायला लागला.

रावसाहेब माझे. मी नववीत असताना अंड्यातून निघालेले, काळेभोर, अंगावर औषधालाही पांढरं पीस नाही. नाव वडिलांनी ठेवलं, आणि अहो-जाहोही त्यांचंच. “रावसाहेब, वाटेत उभे आहात आपण,” असं म्हटलं की रावसाहेब खरंच बाजूला होत. मी शाळेतून आले की ते फाटकापर्यंत यायचे, पुढे चालत मला घरी न्यायचे. मला आठवतं, एकदा ओढ्यापलीकडे मामाच्या मळ्यात मी त्यांना टोपलीतून नेलं आणि तिथे विसरून आले. दुसऱ्या दिवशी दुपारी ते दारात उभे. चालत आले होते, ओढा ओलांडून, कुत्र्यांमधून. वडील म्हणाले, “रावसाहेबांना पत्ता विचारायची गरज पडली नाही, धायरीत सगळेच ओळखतात.” सगळे हसले. मीही हसले आणि ती गोष्ट मनात ठेवली.

समोरच्या घरात गोदाकाकू राहायच्या. मूळ धायरीच्या, शेती विकून आता म्हशींच्या दुधावर घर चालवणाऱ्या. त्यांचा मुलगा बबनदादा कारखान्यात जायचा. त्याचं लग्न होऊन वर्ष झालं होतं आणि कुसुमवहिनी माझ्याहून पाचच वर्षांनी मोठी होती. सासूच्या धाकात असलेली, हसताना तोंडावर पदर धरणारी. दुपारी गोदाकाकू झोपल्या की ती मागच्या पायरीवर येऊन तांदूळ निवडत बसायची आणि रावसाहेब रस्ता ओलांडून तिच्याकडे जायचे. तिच्या मांडीवर बसायचे, चक्क डोळे मिटून. कोंबडा माणसाच्या मांडीवर झोपलेला मी त्यानंतर कधी पाहिला नाही. ती त्यांना खालच्या आवाजात माहेरच्या गोष्टी सांगायची. मला बघितलं की थांबायची. मला थोडा मत्सर वाटायचा, पण तिच्यावर माझा जीव होता. मला वेणी घालून द्यायची, माझ्या ताटात लपवून बोंबलाची चटणी वाढायची.

श्रावण संपता संपता वहिनी आजारी पडली. आधी नुसतं जेवण जाईना, मग ताप, मग डोळे पिवळे झाले. डॉक्टरांचं औषध सुरू होतं, गावठी काढाही सुरू होता. आठव्या दिवसापासून ती बोलेनाशी झाली. डोळे उघडे, छताकडे लागलेले, आणि हाक मारली तर ओळख नाही. मी पेज घेऊन गेले की खोलीत शिरतानाच अंगावर काटा यायचा. तिथे वहिनी होती आणि नव्हती. रावसाहेब तेव्हापासून रोज दुपारी तिच्या खिडकीखाली जाऊन उभे राहायला लागले. दाणे टिपायचे नाहीत, आरवायचे नाहीत. नुसते उभे. गोदाकाकूंनी हे पाहिलं. त्या गावातल्या एका जाणत्या म्हातारीकडे जाऊन आल्या आणि संध्याकाळी आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

“तुझा काळा कोंबडा दे पोरी,” त्या म्हणाल्या. “उतारा टाकायचा हाय. शांत पायजे, म्हातारी म्हनली. फडफडला, पोरीच्या अंगावर पंख मारला तर इपरीत व्हतं.”

उतारा म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. आजाऱ्यावरून जिवंत कोंबडा सात वेळा उतरायचा, म्हणजे आजार त्याच्यात जातो. मग त्याला शिवेवर, तीन वाटा मिळतात तिथे नेऊन सोडायचं आणि मागे न बघता यायचं. त्याला कुणी हात लावायचा नाही. लावला तर आजार लावणाऱ्याला, आणि तो पुन्हा त्याच घरात शिरला तर आजारही त्याच्या मागोमाग आत.

“कापणार नाही ना?” मी विचारलं.

“न्हाय गं. सोडायचाच हाय.”

वडील बुधवार पेठेतून अजून आले नव्हते. असते तर दोन तिखट वाक्यं बोलले असते आणि कदाचित काही वेगळं झालं असतं. आई म्हणाली, “दे. वहिनीपेक्षा कोंबडा मोठा नाही.” मी दिला. आणि खरं सांगायचं तर मी आनंदाने दिला. कारण बाकीचे विसरले असतील, पण मामाच्या मळ्यातून आले तसे ते परत येणार हे मला पक्कं माहीत होतं. वहिनी बरी होईल आणि रावसाहेबही दोन दिवसांनी दारात उभे राहतील, असा माझा हिशेब होता. परत येण्याने काय होतं हे मला ठाऊक होतं, पण ते रावसाहेबांना लागू होईल असं मनातच आलं नाही. आजही मी तेव्हाच्या स्वतःला कधी कधी विचारते, तू बोलली का नाहीस?

तिन्हीसांजेला त्यांनी उतारा केला. रावसाहेबांच्या तुऱ्याला हळदकुंकू, पायात काळा दोरा, कपाळावर बुक्का. मी दारातून बघत होते. गोदाकाकूंनी त्यांना दोन्ही हातांत धरून वहिनीच्या डोक्यापासून पायापर्यंत फिरवलं. सात वेळा. त्यांनी एक पीससुद्धा हलवलं नाही. मान लांब करून ते वहिनीच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि सातव्या फेरीला वहिनीने पापण्या मिटल्या. जमलेल्या बायकांमधून ‘आई गं’ असा एक उसासा निघाला. बबनदादा रावसाहेबांना टोपलीत झाकून ओढ्यापलीकडे घेऊन गेला आणि सांगितल्याप्रमाणे मागे न बघता आला.

दुसऱ्या दिवशी वहिनीने दोन घोट पेज घेतली. गल्लीभर झालं. गोदाकाकूंनी माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. बबनदादा बऱ्याच दिवसांनी दाढी करून कामावर गेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी रावसाहेब आले.

शाळेला कसलीशी सुट्टी होती. मी आतल्या खोलीत गणितं सोडवत बसले होते. ती तशीच मुकी दुपार. मग अंगणातल्या कोंबड्या एकदम थांबल्या आणि लगेच, गल्लीच्या पार टोकाला, एक दार आपटून बंद झालं. मग त्याच्या अलीकडचं. मग समोरच्या ओळीतलं. एकामागोमाग एक दारं लागत होती आणि तो आवाज आमच्याकडे सरकत येत होता. मी खिडकीतून पाहिलं. भर उन्हात, रस्त्याच्या मधोमध रावसाहेब चालत येत होते. तुऱ्यावर कुंकू वाळून काळं पडलेलं, पायात दोरा, पंखांना चिखल. ते घाईत नव्हते. सवयीप्रमाणे ते प्रत्येक उंबऱ्यासमोर थांबत होते, मान तिरकी करून क्षणभर वाट बघत होते आणि दार लागलं की पुढच्या घरी जात होते. त्या गल्लीतल्या प्रत्येक घराने त्यांना कधी ना कधी हातातून दाणे दिले होते. आज आतून कुणाचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता.

आईने येऊन कडी घातली आणि मला मागे ओढलं. “हलू नकोस,” ती म्हणाली. बाहेर पायरीवर नखांचा आवाज आला, मग दारापाशी थांबला. घशातल्या घशात ते कुरकुरले, मी शाळेतून आल्यावर कुरकुरायचे तसेच. आई डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. मी दाराच्या फटीतून पाहत होते आणि फटीतून मला एक पिवळा डोळा दिसत होता, माझ्याकडेच लागलेला. माझ्या हाताने वाढवलेल्या जिवाचं मला भय वाटलं. तो रावसाहेब होता की रावसाहेबांचं रूप घेऊन आलेलं दुसरं काही, हे मला खरोखर कळत नव्हतं.

मग ते वळले आणि समोरच्या घराकडे चालू लागले.

गोदाकाकू दारात उभ्या होत्या. दार लोटायला त्यांना सुचलंच नसावं, किंवा लोटून उपयोग नाही असं वाटलं असावं. दोन्ही हात चौकटीच्या दोन्ही बाजूंना लावून त्या वाट अडवून उभ्या होत्या. “शैलाऽ!” त्या ओरडल्या. “पोरी, भाईर ये गं! तुजा हाय त्यो, तुजंच ऐकंल. आत शिरंल त्यो! घेऊन जा त्याला!”

“हात लावायचा नाही,” आई म्हणाली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. पण मी मागच्या दाराने अंगणातून गल्लीत आले होते.

हात न लावता हाकलायचं म्हणून मी दगड उचलला आणि हात वर केला. रावसाहेब धावत आले. पंख पसरून, आनंदाने, माझ्या पायाशी. मी दगड फेकला, त्यांनी तो जिथे पडला तिथे जाऊन चोच मारून पाहिला आणि परत माझ्याकडे बघितलं. दुसरा दगड फेकला. पुन्हा तेच. त्यांना भ्यायला शिकवलंच नव्हतं कुणी. तिसरा दगड माझ्या हातातच राहिला. मी खाली बसले आणि त्यांना उचलून डाव्या बगलेत घेतलं. हळदीचा, चिखलाचा आणि ओल्या पिसांचा वास आला. मागे आई किंचाळली. रावसाहेबांनी अंग सैल सोडलं आणि मान माझ्या कोपरात घातली.

आणि तेव्हा आतून वहिनीचा आवाज आला.

“रावसाहेब आले वाटतं.”

अगदी नेहमीचा आवाज, तांदूळ निवडतानाचा. गेल्या कितीतरी दिवसांत जिने एक शब्द उच्चारला नव्हता, ती अशी बोलली जणू आत्ताच दुपारची झोप काढून उठली आहे. “आण गं त्यांना आत.”

गोदाकाकूंनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांचे हात चौकटीला होते तसेच होते, फक्त बोटं पांढरी पडली होती. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि मान हलवत होत्या. नाही. नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“आण ना. एकदाच बघू दे.”

मी त्यांच्या दारासमोर, गल्लीत उभी होते. पाच पावलं टाकली असती तर दारापाशी पोहोचले असते. गोदाकाकूंच्या हाताखालून वाकून आत जाता आलं असतं. मी तर कोंबड्याला हात लावून बसलेच होते, आणखी काय व्हायचं राहिलं होतं? पण मला वाटलं, तो आवाज वहिनीचा नाही. जे तिच्यातून गेलं होतं ते दारात येऊन आतल्याला हाक मारतंय आणि आतलं त्याला ओ देतंय, असं मला वाटलं. आयुष्यभर प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्या तपासल्यानंतर मला आता माहीत आहे की कावीळ मेंदूपर्यंत गेली की रोगी असा मध्येच लख्ख शुद्धीवर येतो, थोडा वेळच. तिला रावसाहेब बघायचे होते. तेवढंच होतं ते. एका एकट्या पडलेल्या पोरीला तिचा मांडीवरचा कोंबडा हवा होता.

तिसऱ्यांदा तिने फक्त माझं नाव घेतलं. “शैला.”

मी पाठ फिरवली आणि चालायला लागले. गल्लीतल्या बंद दारांसमोरून, ओढ्याकडे, शिवेवरच्या तीन वाटांपर्यंत. तिथे रावसाहेबांना मांडीत घेऊन बसून राहिले. सोडलं असतं तर ते पुन्हा गेले असते. दिवस कलल्यावर वडील सायकल ढकलत आले. त्यांनी सायकल बाजूला लावली. रावसाहेबांना माझ्या हातातून घेतलं, आपल्या रुमालाने त्यांच्या तुऱ्यावरचं कुंकू पुसलं, दोरा दातांनी तोडला आणि म्हणाले, “चला घरी. कुसुम गेली.”

मला काही झालं नाही. महिनाभर आई रोज पहाटे माझ्या डोळ्यांत बघायची, पिवळे झालेत का म्हणून. नाही झाले. रावसाहेबांना आम्ही मामाच्या मळ्यात जाळीच्या खुराड्यात ठेवलं. तिथे ते चार वर्षं जगले आणि म्हातारे होऊन गेले. गल्लीत मात्र बोललं गेलं की कोंबडा आमचा, माणसाळवला आम्ही, म्हणून परत आला. अंगणाशी कुणी थांबेना. मी मान खाली घालून शाळेत जायचे, कारण लोक म्हणत होते त्याहून खरं जास्त होतं. तो येणार हे मला माहीत होतं. आणि मी तिला तीन हाका मारायला लावल्या.

तेराव्याला गोदाकाकू स्वतः मला बोलवायला आल्या. आई पाठवायला तयार नव्हती, वडील म्हणाले जाऊ दे. पंगतीत बायका सरकून बसल्या, माझ्या दोन्ही बाजूंना जागा सोडून. गोदाकाकूंनी ते पाहिलं. त्या माझ्यासमोर खाली बसल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “हिला कुनी काय बोलायचं न्हाय. समद्यांनी दारं लावली, ही एकली भाईर आली. माजी सून आतून हाका मारत व्हती, तरी पोरीनं पाऊल टाकलं न्हाय. माज्या घरासाठी केलं तिनं.” मी तेव्हा बोलायला हवं होतं. माझ्या तोंडाशी आलं होतं सगळं. गोदाकाकूंनी डोळे पुसले, भात कालवला आणि पहिला घास स्वतःच्या हाताने माझ्या तोंडाजवळ आणला. मी तोंड उघडलं आणि तो खाल्ला.